फरक पडला, पण किती?

‘एकूण लाभार्थी’ हे शब्द तुम्ही कधी ना कधी वाचले असतीलच. एनजीओचा वार्षिक अहवाल असतो ना, गुळगुळीत कागदाचा, कव्हरवर हसणारं मूल आणि मागे फळा, त्यात हे शब्द ठळक टाइपात असतात आणि पुढे एक गलेलठ्ठ आकडा. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं खुपसून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना आकडा दिसला की कसं गार वाटतं. काहीतरी झालंय, कुणीतरी मोजलंय, चला पुढे.

पण बॉस, लाभ झाला म्हणजे नक्की काय झालं? मूल वर्गाला आलं, हा लाभ? त्याला दप्तर मिळालं, हा लाभ? की त्याला वाचता यायला लागलं, हा? आणि समजा लागलं वाचता, तर ते या वर्गामुळे, की शाळेत जाऊन वर्षभरात ते तसंही शिकलंच असतं?

या शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक अहवाल गप्प होतात.

मला असले प्रश्न विचारायची खोड नोकरीनं लावली. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट आहे. हा काय प्रकार असतो ते माझ्या आईला अजून नीट कळलेलं नाही. (ती नातेवाइकांना ‘कम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते आणि विषय बदलते.) सोप्या भाषेत फंडा असा : क्लायंट म्हणतो, मला अमुक स्क्रीन हवा. मी विचारते, कशाला? तो चिडतो. मी पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला खरं काय हवंय ते बाहेर पडतं. माणसांना असं चिडवायचा मला दरमहा पगार मिळतो. गेली दोन वर्षं एक शनिवाराआड मी हेच काम फुकट करते, तुर्भ्याला.

ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं चौथं स्टेशन. एका बाजूला एपीएमसी मार्केटकडे जाणारे ट्रक, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की डोंगराकडे चढत गेलेली वस्ती. तिथे एका छोट्या संस्थेची अभ्यासिका आहे. दोन खोल्या, चार शिक्षिका आणि हा सगळा डोलारा डोक्यावर घेतलेल्या ताई. संस्थेचं नाव देत नाही, ताईंना आवडणार नाही. पहिली ते पाचवीची मुलं संध्याकाळी पाच ते सात येतात. कुणाचे वडील मार्केटात माल उचलतात, कुणाचे सकाळी नाक्यावर उभे राहून बिगारीचं काम मिळवतात. आया वाशी-सानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याला जातात, नाहीतर मार्केटात लसूण निवडायला.

मी तिथे पोचले ते आमच्या कंपनीच्या व्हॉलंटियरिंग डेला. तुम्हालाही माहीत असेल हा दिवस. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, समोसे, ग्रुप फोटो आणि भिंतीला रंग. मी ब्रश घेऊन उभी होते तर ताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ह्या भिंतीला तीन वर्षांत तीन कंपन्यांनी रंग दिलाय गं. ती आता पुरे. तुला एक्सेल येतं का?”

त्यांच्या टेबलावर एका कंपनीकडून आलेला फॉर्म पडला होता. वर लिहिलं होतं ‘इम्पॅक्ट असेसमेंट’.

हा शब्द तुर्भ्याच्या त्या खोलीपर्यंत कसा पोचला, ती एक वेगळीच गंमत आहे. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करणं भाग पडलं. आपण ज्याला सीएसआर म्हणतो ते हेच. मग जानेवारी २०२१ मध्ये नियम आणखी कडक झाले. ज्यांच्यावरची सीएसआरची जबाबदारी सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा. ताईंचं वर्षाचं बजेट एक कोटीच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. म्हणजे हा नियम त्यांना लागूच नाही. पण मोठ्या प्रकल्पांसाठी आलेली भाषा झिरपत झिरपत खालपर्यंत येते आणि मग दोन खोल्यांच्या अभ्यासिकेलाही ‘आउटपुट’, ‘आउटकम’ आणि ‘इम्पॅक्ट’ असे तीन वेगवेगळे रकाने भरावे लागतात.

ताईंना त्याआधी एका हॉटेलात दिवसभराच्या वर्कशॉपला बोलावलं होतं. विषय, ‘थिअरी ऑफ चेंज’. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, चौकटी, बाण. दुपारी बुफे. मी विचारलं, काय कळलं? ताई म्हणाल्या, “जेवण चांगलं होतं. आणि एवढंच कळलं, की आपण हे केलं की ते होईल म्हणतो ना, ते का होईल ते लिहून काढायचं.” खरं सांगू? थिअरी ऑफ चेंजची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

तर फॉर्म. त्यात ४३ प्रश्न होते. घरात टीव्ही आहे का, पंखे किती, गॅस कुठला, मुलाला मोठेपणी कोण व्हायचंय. शिक्षिका मुलं सोडून संध्याकाळभर हे भरत बसल्या होत्या. मी माझा ऑफिसचा धंदा तिथे सुरू केला. एकेक प्रश्न घ्यायचा आणि ताईंना विचारायचं, याचं उत्तर कळलं तर तुम्ही सोमवारपासून काय वेगळं कराल? पंखे दोन निघाले तर काय, तीन निघाले तर काय? ताई दोन-तीनदा चिडल्या (नेहमीप्रमाणे), मग त्यांनाच मजा यायला लागली आणि त्या स्वतः पेन घेऊन काट मारू लागल्या. सात प्रश्न उरले. कंपनीला आम्ही तेच सात पाठवले आणि आश्चर्य म्हणजे कुणीच काही बोललं नाही.

पण मोजायचं काय, हा प्रश्न होताच. इथे मला गडचिरोलीचं काम आठवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली, हे आपल्याला शाळेपासून ऐकून माहीत असतं. मोठी माणसं, आदर्श, वगैरे. पण त्यांनी मोजलं कसं, ते कुणी सांगत नाही आणि मला विचाराल तर खरी स्टोरी तिथेच आहे. १९९०च्या दशकात त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ते उबदार ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. हे काम ३९ गावांत चाललं. आणि बरोबरीनं आणखी ४७ गावं घेतली, जिथे हे काम नव्हतं, पण तिथलेही जन्म आणि मृत्यू तितक्याच काटेकोरपणे नोंदले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत निष्कर्ष छापून आले : नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे २०११ पासून देशभरातल्या ‘आशा’ ताईंच्या कामात नवजात बाळांच्या घरभेटी आल्या, त्या या कामाच्या जोरावर.

त्यात दोन गोष्टी मला सॉलिड वाटतात. एक, त्यांनी सभा किती घेतल्या, बायका किती शिकवल्या यावर भागवलं नाही. बाळं जगली का, हे मोजलं. यापेक्षा सरळ प्रश्न नाही. आणि दुसरी, ती ४७ गावं. ती नसती तर कुणीही म्हणालं असतं, अहो काळच बदलला, रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणून बाळं वाचली.

आपल्याकडे ४७ गावं कुठून आणणार? पण ‘बाळं जगली का’ याच्या जोडीचा प्रश्न आम्हाला मिळाला : मूल वाचतं का?

आणि तो मोजायचं साधन तर तयारच होतं. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’नं २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. नाव ‘ॲन्युअल स्टेटस ऑफ एज्युकेशन रिपोर्ट’चं लघुरूप, पण असर म्हणजे परिणाम, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एक कागद असतो. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद द्यायचा. जमला तर गोष्टीकडे जायचं, नाही जमला तर शब्दांकडे, नाहीतर अक्षरांकडे. एका मुलाला काही मिनिटं. मार्क नाहीत, पास-नापास नाही. मूल कुठल्या पायरीवर उभं आहे एवढंच कळतं.

आम्ही गेल्या जूनमध्ये ९० मुलांची तपासणी केली. धमाल आली. एका पठ्ठ्यानं अख्खी गोष्ट घडाघडा म्हणून दाखवली, कागद उलटा धरून. बाहेर रांगेत बसून त्यानं आधीच्या चार जणांचं वाचन ऐकलं होतं! मग आम्ही दुसऱ्या गोष्टीचा कागद काढला. (‘असर’वाल्यांना हे माहीत असणारच, त्यांचे एकाहून जास्त नमुने असतात.) तेव्हा कळलं की त्याला ‘म’ आणि ‘भ’ वेगळे ओळखू येत नाहीत. तिसरीत होता.

९० पैकी ४० मुलं अक्षरांपाशी किंवा त्याच्याही मागे अडकलेली. गोष्ट वाचणारी फक्त १२. ताई त्या ४०च्या यादीकडे बराच वेळ बघत राहिल्या. “अभ्यासिका काढली ती यांच्यासाठीच गं,” एवढंच म्हणाल्या.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी. पटावर ७१ मुलं, त्यातली ३२ गोष्ट वाचणारी. कंपनीनं पाठवलेल्या एक्सेलच्या साच्यात आकडे टाकले की तो आपोआप आलेख काढून द्यायचा. १३ टक्क्यांवरून ४५ टक्के! हिरवा, उंच, झक्कास बार. शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वडापाव आणले.

मी वडापाव खाल्ला आणि मग ऑफिसात करते तेच केलं. जूनच्या आणि मार्चच्या याद्या शेजारी ठेवल्या, नावाला नाव लावलं. जूनच्या ९० मुलांपैकी मार्चला ५४च होती. बाकीची १७ मधल्या काळात नवी आलेली, त्यातली आठ येतानाच गोष्ट वाचत होती. म्हणजे दोन वेगळ्या गर्दींची सरासरी आम्ही एकमेकींशी ताडून बघत होतो. टिकलेल्या ५४ मुलांपुरतं बोलायचं तर जूनमध्ये त्यांच्यातली ११ गोष्ट वाचायची, मार्चमध्ये २४. तेरा मुलं वर चढली. हेही काही वाईट नाही. वडापावाला जागण्याइतकं नक्कीच आहे.

पण गेलेली ३६ कोण होती?

त्यातली २७ त्या ४०च्या यादीतली निघाली. ज्यांच्यासाठी अभ्यासिका काढली, नेमकी तीच गळाली होती. आणि त्यांच्या गळण्यामुळेच आमचा हिरवा बार उंच झाला होता.

खोलीत एकदम शांतता. एक शिक्षिका म्हणाली, “बिगारी लोक हो, साइट बदलली की जातात.” पटण्यासारखं होतं. तळोज्याला, उलव्याला, पनवेलच्या पुढे सतत नवी बांधकामं निघतात, माणसं तिकडे सरकतात, दिवाळी-होळीला गावी जाऊन काही परततच नाहीत. पण ‘असर’ची पाहणी शाळेत जाऊन न करता घरोघर का करतात, त्याचं कारण मला तेव्हा नीट उमगलं. शाळेत गेलात तर तुम्हाला त्या दिवशी शाळेत आलेलीच मुलं भेटतात. न आलेली भेटायची तर तिच्या-त्याच्या दारात जावं लागतं.

म्हणून पुढचे दोन शनिवार ताई आणि मी यादी घेऊन गल्ल्या फिरलो. हे काम कुठल्याच रकान्यात बसत नाही. उन्हात चढ चढायचा, पत्र्याच्या दारावर टकटक करायची, “अमक्याची आई इथेच राहते ना?” विचारायचं आणि प्रत्येक घरी पाणी प्यायचं, कारण नाही म्हटलं तर वाईट वाटतं. २७ पैकी ११ जण खरंच निघून गेले होते. उरलेले १६ तिथेच होते. अभ्यासिकेपासून पाच-दहा मिनिटांवर!

पाच मुली लहान भावंडं सांभाळत होत्या. आई मार्केटातून सातला येते, वर्ग पाच ते सात. हिशेब संपला. बाकीच्यांनी सांगितलं ते ऐकताना ताईंचा चेहरा मला बघवत नव्हता. एक मुलगा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, “तिथे समजत नाय काय.” अभ्यासिकेत मुलं इयत्तेप्रमाणे बसायची आणि शाळेचा गृहपाठ करायची. ज्याला ‘म’ येत नाही, त्याला तिसरीचा धडा उतरवून काढायला लावायचा. शाळेत जे चार तास होतं तेच संध्याकाळी आणखी दोन तास. मी त्याच्या जागी असते तर मीपण क्रिकेट खेळायला गेले असते.

आता खरा पेच. अहवाल पंधरा एप्रिलपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर पुढच्या वर्षीचे पैसे ठरणार होते. चार शिक्षिकांचे पगार. त्यातल्या एकीचं घर त्या पगारावरच चालतं. साच्यातला ४५ टक्क्यांचा बार खोटा नव्हता, प्रत्येक आकडा खरा होता. तसाच पाठवला असता तर कुणी विचारलंही नसतं. कंपनीतला सीएसआर बघणारा मुलगा स्वभावानं चांगला, पण त्यालाही वर एक साहेब आहे आणि साहेबाला एक स्लाइड हवी असते. ही आपली ऑफिसची दुनिया आहे, तुम्हाला समजावून काय सांगायचं. अप्रायझलच्या आधी आपण आपल्या वर्षाचं काय करतो?

मी ताईंना एक उदाहरण सांगितलं, पाठवा की नका पाठवू असं न म्हणता. सायन हॉस्पिटलमध्ये नवजात बालकांच्या डॉक्टर असलेल्या अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. २००६ ते २००९ या काळात संस्थेनं मुंबईतल्या ४८ झोपडवस्त्या घेतल्या. निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट बांधले, गरोदरपण-बाळंतपणावर चर्चा, एकमेकींना मदत. निम्म्यांत हे नव्हतं. नेपाळमध्ये आणि झारखंड-ओडिशात अशाच गटांमुळे बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं, त्यामुळे इथे काय दिसेल याबद्दल आशा असणारच. मुंबईत फरक दिसला नाही. दवाखान्यात जाण्यात, स्तनपानात, दोन्हीकडच्या वस्त्या सारख्याच. शहरात बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, गावातला प्रश्न आणि इथला प्रश्न एक नव्हता. आणि हे सगळं त्यांनी २०१२ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या पत्रिकेत जसंच्या तसं छापलं. तीन वर्षांच्या मेहनतीनंतर ‘फरक पडला नाही’ असं नाव-गाव घालून छापायला काय लागत असेल? संस्था बंद पडली नाही. आजही काम करतेय.

ताई म्हणाल्या, “त्या डॉक्टर. आपण कोण?”

बरोबरच होतं त्यांचं. मोठ्या संस्थेचं अपयश ‘शिकणं’ ठरतं, छोट्या संस्थेचं अपयश म्हणजे पुढचा चेक बंद. एनजीओंनी प्रामाणिक व्हावं, असं देणगीदारांच्या परिषदांमध्ये फार बोललं जातं. प्रामाणिकपणाचा खर्च कोण उचलणार, ते कुणी बोलत नाही.

दोन दिवसांनी ताईंचा रात्री फोन आला. “दोन्ही लिही. ५४चं पण लिही, २७चं पण लिही. आणि त्या १६ पोरांना परत आणायला काय लागेल तेपण लिही.” मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, “अगं, दारात जाऊन विचारून आले ना मी त्यांना. आता त्यांना काय सांगू?”

अहवाल दोन पानांचा झाला. कंपनीतून फोन आला तो अपेक्षेप्रमाणेच. हे स्लाइडवर कसं घ्यायचं, एखादी सक्सेस स्टोरी आहे का, फोटोसकट? ताईंनी चौकटीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. ती सक्सेस स्टोरी नव्हे, असं पलीकडून उत्तर आलं. शेवटी वर्षाऐवजी सहा महिन्यांचे पैसे मंजूर झाले, ‘पुढे बघू’ या बोलीवर. चौथ्या शिक्षिकेचा पगार जुलैपासून ताईंच्या ओळखीतल्या दोघातिघांनी वाटून घेतलाय. त्याचं पुढे काय, ते अजून ठरायचंय.

यंदा जूनपासून वर्गाची मांडणी बदलली. इयत्ता सोडून दिली. अक्षरवाली मुलं एकत्र, मग ती दुसरीतली असोत की पाचवीतली, शब्दवाली एकत्र. गृहपाठ शेवटच्या अर्ध्या तासात. सात ते साडेआठचा दुसरा वर्ग सुरू केला, भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी, आणि धाकट्यांना बरोबर आणायची मुभा. त्यामुळे त्या वर्गात अधूनमधून कुणीतरी भोकाड पसरतं. १६ पैकी नऊ जण परत आले. हे पातळीप्रमाणे बसवण्याचं डोकं आमचं नाही. ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच वेगळं घेऊन मूलभूत वाचन-गणित शिकवायच्या. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत २००१ ते २००३ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. सुरुवातीला सगळ्यात मागे असलेल्यांना फायदा सगळ्यात जास्त झाला होता. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीवरचे उपाय असे प्रयोग करून तपासण्याच्या कामासाठी. (बॅनर्जींची आई मराठी आणि त्यांचा जन्म मुंबईचा, हे सांगायची संधी आपण सोडत नसतो.)

आता माझा मूळ प्रश्न राहिलाच होता. मुलं वर चढली तर ती आपल्यामुळे का? मी ताईंना म्हटलं, निम्म्या मुलांना आत्ता घेऊ, निम्म्यांना डिसेंबरनंतर, मग ताडून बघू. ताई भडकल्या. “माझी पोरं उंदीर नाहीत. दारात आलेल्याला मी सहा महिने थांब म्हणू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, ‘बालसखी’वाल्यांकडे होतं. मुंबईत त्यांनी काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली आणि बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. रिकाम्या हातानं कुठलीच शाळा गेली नाही आणि तुलना करायला समोर दुसरा गट तयार. मी म्हटलं, निम्म्यांना आधी वाचन, निम्म्यांना आधी गणित. डिसेंबरात दोन्ही गटांची दोन्ही विषयांत तपासणी, मग अदलाबदल. ज्यांचं गणित अजून सुरू झालेलं नाही त्यांनी शाळेच्या जोरावर किती मजल मारली तेही दिसेल. एवढ्याशा मुलांवरून जगाला सांगण्यासारखं काही सिद्ध होणार नाही, पण आम्हाला जगाला सांगायचंच नाहीये.

यावर ताई बराच वेळ विचार करून ‘चालेल’ म्हणाल्या. अट एकच, वाटणी आपण करायची नाही, पालकांसमोर चिठ्ठ्या काढायच्या.

रविवारी सकाळी सभा झाली. स्टीलचा डबा, घरागणिक एक चिठ्ठी. आया एकेक करून पुढे येत होत्या. मार्केटात लसूण निवडणारी एक बाई आली, तिच्या हाताला तो वास होता. तिनं चिठ्ठी उघडून शेजारणीला वाचायला दिली. ‘गणित’. ती म्हणाली, “ताई, हिला बसची पाटी वाचता यायला हवी हो. वाचनाची बदलून द्या ना.” शेजारणीच्या हातात ‘वाचन’ होती आणि ती बदलायला तयारही होती.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे.

“डिसेंबरपर्यंत थांब गं,” ताई तिला म्हणाल्या आणि पुढच्या घराचं नाव पुकारलं.